अल्कोहोलला काडी लावणारे डिझेल

उसाच्या मळीपासून मिळणारे अल्कोहोल आता पेट्रोलमध्ये सर्रास मिसळतात. मग शेतातल्या पंपाच्या डिझेलमध्येच का नको?

इंजेक्शनपूर्वी दंडावर स्पिरिट चोळले की गार लागते, हे आठवा. निम्मी अडचण त्या गारव्यातच आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या हवेला १६ ते २० पट दाबतो. सायकलचा पंप जसा हवा भरताना तापतो, तशी ही हवा तापते, पण ५०० अंश सेल्सिअसच्याही वर! तीत डिझेलचा फवारा शिरला की क्षणभराने आपोआप पेटतो. ही तत्परता सिटेन अंकाने मोजतात. डिझेलचा अंक ५० च्या आसपास, अल्कोहोलचा जेमतेम १०. शिवाय वाफ होताना अल्कोहोल डिझेलच्या सुमारे तिप्पट उष्णता शोषून घेते. म्हणजे आधीच आळशी, त्यात चूलही गार करणारे!

यावर एक युक्ती आहे. आत येणाऱ्या हवेतच अल्कोहोलची वाफ मिसळायची आणि शेवटी डिझेलचा लहानसा फवारा सोडायचा. डिझेल पेटते व अल्कोहोलला पेटवते. मात्र हवा थंडावल्याने डिझेल पेटायला उशीर होतो. त्या अवधीत ते हवेत चांगले मिसळते; अल्कोहोलच्या वजनात सुमारे ३५ टक्के ऑक्सिजनही असतो. म्हणून धुरातली काजळी घटते. पण साठलेले इंधन मग एकदम भडकते, दाब झपाट्याने चढतो आणि भार जास्त असेल तर इंजिन ठोके देऊ लागते. उलट, भार कमी असताना मिश्रण इतके विरळ असते की ज्योत सर्वत्र पोचतच नाही. न जळलेले अल्कोहोल आणि झोंबणारी आल्डिहाइडे धुराड्यातून बाहेर पडतात. तेव्हा अल्कोहोलचे प्रमाण भारानुसार बदलावे लागते.

थेट टाकीत मिसळणे सोपे वाटते खरे. पण थोडे पाणी शिरले की दोन्ही द्रव वेगळे होतात. त्याहून वाईट म्हणजे, अल्कोहोलची वाफ १३ अंशांनाही पेट घेऊ शकते. म्हणून घरच्या इंजिनावर हा प्रयोग मुळीच करू नका.

स्वीडनमध्ये वेगळी वाट निघाली. अल्कोहोलमध्येच ज्वलन सुलभ करणारे द्रव्य घालायचे आणि हवा २८ पट दाबायची. अशी एक बस २०१४ साली नागपुरात आणली होती. तिच्या टाकीत डिझेल नव्हतेच.