पाय सरळ झाला, बळ कधी येणार?

ज्यांचे पाय गुडघ्यापाशी बाहेरच्या बाजूला वाकलेले असतात, त्यांच्या शरीराचा भार गुडघ्याच्या आतल्या भागावर जास्त पडतो व तेथील कूर्चा झिजते. अशा वेळी नडगीचे हाड वरच्या टोकाशी कापून त्याचा कोन बदलतात आणि भार बाहेरच्या बाजूकडे सरकवतात. काही महिन्यांत हाड जुळून येते. मांडी मात्र बारीक झालेली असते आणि जिना चढताना पाय लटपटतो. ‘व्यायामाचा कंटाळा करतो, दुसरे काय!’ असे घरची मंडळी म्हणतात. हे खरे आहे का?

मांडीच्या पुढच्या बाजूला चार भागांचा एक मोठा स्नायू असतो. तो गुडघ्याच्या वाटीमार्फत नडगीला जोडलेला असून गुडघा सरळ करतो. शस्त्रक्रियेनंतर सांध्याला सूज येते. सांध्याचे आवरण ताणले गेले की तेथील चेतातंतू मज्जारज्जूला संदेश देतात आणि मज्जारज्जू या स्नायूला जाणारी आज्ञाच दाबून टाकतो. १९८४ साली निरोगी माणसांच्या गुडघ्यात मिठाचे पाणी टोचून हे तपासले गेले. केवळ २० ते ३० मिलिलिटर पाण्याने स्नायूच्या आतल्या भागाचा प्रतिसाद मंदावला. वेदना नसतानाही असे घडू शकते. म्हणजे दोष इच्छाशक्तीचा नव्हे. म्हणूनच आधी सूज उतरवणे महत्त्वाचे.

वर्गात एक गणित करून पाहता येईल. एका मांडीचा घेर ५० सेंटिमीटर व दुसरीचा ४८ असेल, तर फरक ४ टक्केच दिसतो. पण क्षेत्रफळ घेराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून ते सुमारे ८ टक्क्यांनी घटलेले असते. शिवाय घेरात हाड व चरबीही मोजली जाते. ती फारशी घटत नाहीत, म्हणजे स्नायूची घट याहूनही जास्त! टेप फसवते ती अशी.

बळ परत आणण्याची पद्धतशीर रीत अमेरिकी सैन्यातील डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी १९४५ साली मांडली. पाय जेमतेम दहा वेळा उचलू शकेल एवढे वजन ठरवायचे आणि ताकद वाढेल तसे तेही वाढवायचे. १९४८ साली त्यांनी तीन फेऱ्या सुचवल्या: निम्मे वजन, पाऊण वजन, पूर्ण वजन, प्रत्येकी दहा वेळा.

अर्थात, हाड जुळण्याआधी वजन लावायचे नसते. सुरुवात गुडघा सरळ ठेवून मांडी आवळण्यापासून होते. मग सरळ पाय उचलणे आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की वजन. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते, पण घेर जवळपास तेवढाच राहतो. कारण आधी सुधारते ती मज्जासंस्थेची आज्ञा. स्नायूचे तंतू जाड होतात ते नंतर. नेमके याच टप्प्यावर ‘उपयोग नाही’ म्हणून अनेक जण व्यायाम सोडतात. दोन्ही पायांची ताकद सारखी व्हायला पुष्कळदा वर्षही लागते. तेव्हा अशा रुग्णाला आळशी म्हणण्याऐवजी, आज पाय किती वेळा उचलला, हे आपण त्याच्याबरोबर मोजू या.