आज्यांनी कमावलेली वर्षं

राज्य सरकारच्या नोकरीतली बाई साधारणपणे अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होते. शाल, श्रीफळ, चार भाषणं होतात आणि त्यात एक वाक्य हमखास असतं : आता विश्रांती घ्या. सांगणाऱ्याच्या मनात माया असते. पण या वयाच्या बाईचं शरीर कसं घडलं आणि कशासाठी घडलं, हे समजलं की तो सल्ला फार तोकडा वाटू लागतो. पाळी गेल्यानंतर बाई आणखी दोन-तीन दशकं धडधाकट जगते, ही सजीवसृष्टीतली अतिशय दुर्मीळ गोष्ट आहे.

पृथ्वीवर सस्तन प्राण्यांच्या सहा हजारांहून अधिक जाती आहेत. बहुतेक जातींमध्ये मादी आयुष्याच्या शेवटापर्यंत पिल्लं देत राहते. साठीच्या हत्तिणीलाही पिल्लू झाल्याच्या नोंदी आहेत. प्रजनन थांबल्यावरही मादी वर्षानुवर्षं जगते, असं ठामपणे दिसलेल्या जाती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. एक माणूस, आणि दात असलेल्या देवमाशांपैकी पाच : ओर्का, आखूड परांचा पायलट व्हेल, फॉल्स किलर व्हेल, बेलुगा आणि नार्व्हाल. २०२३ मध्ये युगांडातल्या किबाले जंगलात न्गोगो इथल्या चिंपांझींमध्येही अशा वयस्क माद्या आढळल्या. बाकी ठिकाणच्या चिंपांझींत मात्र पिल्लं होण्याचं वय सरता सरता मादीचं आयुष्यही सरतं.

गंमत अशी की चिंपांझी मादीच्या आणि बाईच्या बीजकोशांची मुदत जवळजवळ सारखीच असते. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या बीजकोशांत साठ-सत्तर लाख बीजं असतात. जन्माच्या वेळी दहा-वीस लाख उरतात, वयात येताना तीन-चार लाख. त्यातली सुमारे चारशे प्रत्यक्ष बाहेर पडतात, बाकीची आतल्या आत विरून जातात. भारतात हा साठा सरासरी शेहेचाळीस-सत्तेचाळीसाव्या वर्षाच्या आसपास संपतो. याच हिशेबातून आणखी एक अद्भुत गोष्ट निघते. ज्या बीजापासून तुम्ही झालात, ते तुमची आई आजीच्या पोटात असतानाच तयार झालं होतं. तुमचा प्रवास आजीच्या शरीरात सुरू झाला.

म्हणजे उत्क्रांतीत माणसाच्या बीजकोशांचं आयुष्य फारसं बदललं नाही. बदललं ते बाकीच्या शरीराचं. हृदय, मेंदू, स्नायू, यकृत हे सगळं अधिक टिकाऊ झालं. २०२४ मध्ये देवमाशांवरच्या एका मोठ्या अभ्यासातही हेच दिसलं : ज्या जातींत माद्यांचं प्रजनन आयुष्य संपण्याच्या बरंच आधी थांबतं, तिथे माद्या तेवढ्याच आकाराच्या इतर जातींतल्या माद्यांपेक्षा सुमारे चाळीस वर्षं जास्त जगतात. प्रजननाचा काळ कापला गेला नाही, त्याच्यापुढे आयुष्य जोडलं गेलं.

‘पूर्वी माणसं चाळिशीतच जायची, म्हातारपण ही औषधांची देणगी’ असं आपण सर्रास म्हणतो. जुन्या काळचं सरासरी आयुर्मान कमी होतं ते मुख्यतः बालमृत्यूंमुळे. टांझानियात एयासी सरोवराच्या परिसरात हाड्झा नावाचे लोक राहतात. त्यांच्यातले काही आजही शिकार आणि कंदमुळांवर जगतात. तिथे पंचेचाळिशी गाठलेली बाई सरासरी आणखी वीसेक वर्षं जगते, दवाखाना जवळ नसतानाही. बाईचं हे लांब आयुष्य फार जुनं आहे.

ते का मिळालं, याचं एक सुंदर उत्तर याच हाड्झांच्या रानात सापडलं. १९८०च्या दशकात क्रिस्टन हॉक्स, जेम्स ओ’कॉनेल आणि निकोलस ब्लर्टन जोन्स हे अभ्यासक तिथे गेले. कोण किती वेळ राबतं आणि किती अन्न आणतं, याची त्यांनी बारकाईने नोंद केली. पाळी गेलेल्या बायका तरुण बायकांहून कमी राबत नव्हत्या, उलट अनेकदा जास्त वेळ खणत होत्या. तिथलं भरवशाचं अन्न म्हणजे कडक, खडकाळ जमिनीत खोल दडलेले कंद. ते काढायला ताकद लागते, कसब लागतं, आणि अंगावरचं दूध सुटलेल्या लहान पोराला ते जमत नाही. नवं बाळ झालं की आई त्याच्यात गुंतते. मग मधल्या पोराचं वजन कशावर वाढतं? अभ्यासकांना दिसलं, की तेव्हा ते आजीच्या खणण्यावर वाढतं.

यातून ‘आजी सिद्धांत’ उभा राहिला. आजी पोसते म्हणून लेक पुढचं मूल लवकर जन्माला घालू शकते आणि आधीचंही जगतं. अशा नातवंडांत धडधाकट आजीचेच गुण उतरतात. पिढ्यानपिढ्या हे होत गेलं आणि बाईचं आयुष्य पन्नाशीच्या पलीकडे लांबत गेलं. सगळ्याच शास्त्रज्ञांना हे पूर्ण उत्तर वाटत नाही, पण त्याच्या बाजूचे पुरावे जागोजागी मिळाले आहेत. फिनलंड आणि कॅनडातल्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या चर्चच्या नोंदवह्या व्हिर्पी लुम्मा आणि सहकाऱ्यांनी तपासल्या. बाई पन्नाशीनंतर जितकी जगली, त्यातल्या दर दहा वर्षांमागे तिला सरासरी दोन नातवंडं अधिक झालेली दिसली. गांबियाच्या खेड्यांत आईची आई हयात असली, तर दूध सुटण्याच्या वयातली मुलं जगण्याचं प्रमाण जास्त होतं.

समुद्रातली गोष्ट तर याहून थक्क करणारी. अमेरिका आणि कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यालगत ओर्कांचे काही कळप आहेत. १९७०च्या दशकापासून त्यांच्यातल्या प्रत्येकाची, पाठीवरच्या पराच्या आकारावरून आणि खुणांवरून ओळख पटवून, नोंद ठेवली जाते. मादीला साधारण चाळिशीपर्यंत पिल्लं होतात, पण ती ऐंशीच्या पुढेही जगू शकते. नर बहुधा तिशीच्या आसपास जातात. कळपात पुढे कोण पोहतं, हे संशोधकांनी चित्रफितींवरून मोजलं. पुढे असतात त्या बहुतेकदा पिल्लं होण्याचं वय ओलांडलेल्या माद्या. ज्या वर्षी सामन मासा कमी असतो, त्या वर्षी त्या आणखी ठळकपणे पुढे असतात. टंचाईत मासा कुठे सापडतो, हे ज्यांनी आधीच्या टंचाया पाहिल्या त्यांनाच माहीत. आई गेली, तर तिशी ओलांडलेल्या मुलाचा पुढच्या वर्षभरात मरण्याचा धोका सुमारे चौदा पटींनी वाढतो, इतका तिचा आधार मोठा असतो.

इथे थांबून एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. आजी सिद्धांताचा आधार घेऊन कुणी म्हणेल, ‘बघा, निसर्गानेच तुम्हाला नातवंडं सांभाळायला ठेवलंय.’ आपल्या घरांत हा निष्कर्ष फार सहज काढला जाईल. पण पुरावा तसं सांगत नाही. हाड्झा आजी स्वतःच्या पायांनी रानात जाते, कुठे खणायचं ते स्वतः ठरवते. ओर्का आजी कळपाच्या मागे राहून पिल्लं राखत नाही, ती वाट ठरवते. लांब आयुष्याबरोबर या आज्यांकडे बळ आलं, अनुभव आला आणि पुढे चालण्याचा मान आला. नातवंडांत रमणं हा मोठा आनंद आहे, तो ज्याचा त्याने निवडावा. गृहीत धरलेली चाकरी मात्र या आयुष्याचा हेतू नव्हे.

मग या वर्षांत नीट जगायचं कसं, याचं उत्तर या शरीराच्या घडणीतच आहे : ते वापरण्यासाठी बनलेलं आहे. हाडांपासून सुरुवात करू. हाड निर्जीव खांबासारखं दिसतं, पण ते सतत मोडून पुन्हा बांधलं जातं. एका प्रकारच्या पेशी जुनं हाड विरघळवतात, दुसऱ्या तिथे नवं घालतात. दहा वर्षांत जवळजवळ सगळा सांगाडा नवा होतो. इस्ट्रोजेन हे संप्रेरक विरघळवणाऱ्या पेशींना आवर घालतं. पाळी जाताना ते घटतं, आणि मुकादम रजेवर गेल्यासारखी खोदाई वाढते, भराई मागे पडते. पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता दहा ते वीस टक्क्यांपर्यंत घटू शकते.

पण हाडाला वजन कळतं. त्याच्या आत सूक्ष्म नळ्यांचं जाळं असतं, त्यात द्रव असतो. भार पडला की हाड केसभर वाकतं, द्रव हलतो, आतल्या पेशींना ती हालचाल जाणवते आणि इथे बळकटी हवी असा निरोप जातो. टेनिसपटूच्या रॅकेट धरणाऱ्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं, ते यामुळेच. ऑस्ट्रेलियात हाडं विरळ झालेल्या, अठ्ठावन्नच्या पुढच्या १०१ बायकांवर एक प्रयोग झाला. एका गटाने आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली जड वजनं उचलली आणि उडीचा व्यायाम केला. आठ महिन्यांनी त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची १.२ टक्के घटली. ज्या वयात ‘जड उचलू नकोस’ असं सगळे सांगतात, त्या वयात उचलण्यानेच हाड वाढलं! अर्थात हे घरच्या घरी अंदाजाने करायचं काम नाही. डॉक्टरांना विचारून, गरज असेल तर हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन करून, जाणत्या माणसाकडून शिकूनच करावं.

स्नायूंची कहाणी याहून आशादायक. १९९० मध्ये बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या दहा जणांना वजनांचा व्यायाम दिला गेला. त्यांचं सरासरी वय होतं नव्वद. आठ आठवड्यांत त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत हे होतं, तर साठीच्या उंबरठ्यावर काय काय होऊ शकेल! आपल्याकडे याची एक सोपी चाचणीही पूर्वापार घरात आहे : जमिनीवर मांडी घालून बसायचं आणि हात न टेकता उठायचं. ब्राझीलमध्ये ५१ ते ८० वयाच्या सुमारे दोन हजार लोकांवर हीच चाचणी झाली. ज्यांना उठताना जास्त आधार लागला, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांतल्या मृत्यूंचं प्रमाण जास्त होतं. डायनिंग टेबल असलं, तरी दिवसातून एकदा जमिनीवर बसायला हरकत नाही. गुडघे दुखत असतील, तर खुर्चीतून हात न लावता उठण्याचा सराव करावा.

स्नायू बनायला प्रथिनं लागतात. या वयात वजनाच्या दर किलोमागे रोज निदान एक ग्रॅम हवीत, असं बरेच तज्ज्ञ मानतात. साठ किलोच्या बाईला साठ ग्रॅम. वाटीभर वरणातून जेमतेम पाच-सहा ग्रॅम मिळतात. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेल्या भाजीबरोबर पोळी खाणाऱ्या बाईचा हा हिशेब कधीच जुळत नाही. उसळ, दही, पनीर, अंडं, मासे, शेंगदाणे यांतलं जे घरात चालतं, ते तिच्या ताटात आधी पडायला हवं. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर प्रमाण डॉक्टरांनी ठरवावं.

आणि मेंदू? अमेरिकेत १९८६ पासून ६७८ ख्रिस्ती जोगिणींचा अनेक वर्षं अभ्यास झाला. मृत्यूनंतर त्यांनी मेंदूही संशोधनाला दिले. सिस्टर मेरी या एकशे एक वर्षं जगल्या आणि शेवटपर्यंत स्मरणाच्या चाचण्यांत उत्तम होत्या. त्यांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा मात्र भरपूर सापडल्या. आयुष्यभर शिकत राहिलेला मेंदू बरीच हानी पचवतो, असा विचार अशा नोंदींमुळे बळकट झाला. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठीच्या पुढच्या बायका गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून अक्षरं गिरवायला येऊ लागल्या. आयुष्यभर अंगठा उमटवलेल्या हाताने स्वतःची सही केली. साठीतला मेंदू नवं शिकू शकतो, हे त्यांनी गावासमोर दाखवून दिलं.

ओर्का आजीसारखी जाणकार आजी पाहायची, तर अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावी जावं. राहीबाई पोपेरे यांनी भात, वाल, भाज्यांची देशी बियाणं जपली, बायकांना जपायला शिकवलं. शाळेत न गेलेल्या या बाईंना पद्मश्री मिळाली. उद्या पाऊसमान बिघडलं, तर कोणतं वाण तग धरेल, हे त्यांच्या गाडग्यांत आणि त्यांच्या डोक्यात साठवलेलं आहे.

पैशाचा भाग थोडक्यात, पण तो टाळू नये. आपल्याकडे बायका बहुधा नवऱ्यापेक्षा वयाने लहान असतात आणि पुरुषांपेक्षा जास्त जगतात. साहजिकच शेवटची काही वर्षं अनेकींना एकटीने काढावी लागतात. म्हणून स्वतःच्या नावाचं खातं, ठेवी, नामनिर्देशन आणि घराची कागदपत्रं आधीच पाहून ठेवावीत. साठीनंतर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते. पैशाइतकीच माणसंही लागतात, म्हणून मैत्रिणींसाठी वेळ काढणं ही चैन समजू नये : तीन लाखांहून अधिक लोकांवरच्या १४८ अभ्यासांचा एकत्र निष्कर्ष असा, की ज्यांची नाती घट्ट असतात त्यांची जगण्याची शक्यता सुमारे निम्म्याने जास्त असते. भजनी मंडळ, भिशी, टेकडीवरचा सकाळचा घोळका यांचं मोल आरोग्यातही मोजावं. २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, तेव्हा लांबच्या मैत्रिणीकडे जाणंही सोपं झालं आहे.

आपल्या देशात साठीला पोचलेली बाई सरासरी आणखी एकोणीसेक वर्षं जगते. अगणित पिढ्यांतल्या आज्यांनी खणून, चालून, वाट दाखवून ही वर्षं कमावली आणि आपल्या हाडामांसात ठेवून दिली. म्हणून निवृत्तीच्या पहिल्याच महिन्यात वजन उचलायचे दोन वार ठरवा, शिकायचा एक नवा विषय निवडा, आणि घरातल्या मोठ्या निर्णयांत आपलं मत सगळ्यांत आधी मांडा. कळप चुकू नये म्हणून पुढे असावं लागतं, आणि ती जागा तुमची आहे.