मधूच्छिष्टातील मेणपतंग : ओळख व दक्षता

मधूच्छिष्ट हे औषधनिर्मितीतील नित्याचे द्रव्य. जात्यादि घृत, पिंड तैल व व्रणावरील मलमे यांत ते लागतेच. तथापि त्याच्या साठवणीकडे आपण वैद्य व औषधी दुकानदार पुरेसे लक्ष देत नाही. आम्हीही दिले नव्हते.

बारवी धरण परिसरातील एका मध गोळा करणाऱ्याकडून आम्ही उन्हाळ्यात आग्या मोहोळाची मध काढलेली पोळी घेतली व बदलापूरच्या कोठीत गोणीत ठेवली. भाद्रपदात भिंतींवर राखी पतंग दिसू लागले. शेजारी अश्वगंधा व शतावरी असल्याने दोष त्यांनाच दिला. आठवडाभर त्या निवडल्या, चाळल्या. अखेर पोळ्यांची गोणी उघडली, तेव्हा आत जाळ्यांचा गुंता, काळी विष्ठा आणि वळवळणाऱ्या अळ्या!

हा मोठा मेणपतंग, गॅलेरिया मेलोनेला. पंखांचा विस्तार सुमारे ३० मिलिमीटर, रंग राखी-तपकिरी. बसताना पंख छपरासारखे मिटतो. धाकटा मेणपतंग, अक्रोइया ग्रिसेला, बराच लहान, रुपेरी राखाडी व पिवळ्या डोक्याचा असतो. धान्यात व चूर्णांत आढळणारा तांदळाचा पतंग, कॉर्सायरा सेफॅलोनिका, यांचाच आप्त असल्याने फसगत होते. म्हणून पतंगापेक्षा अळीचे घर पाहावे. चूर्णाचे कण जाळ्याने बांधून गोळे झाले असतील तर तांदळाचा पतंग समजावा. पोळ्यात रेशमी बोगदे आणि लगतच्या लाकडात नावेसारखे खळगे कोरून चिकटलेले कोश असतील तर मोठा मेणपतंग.

प्रौढ मेणपतंग काहीच खात नाही. नाश करते ती अळी. निव्वळ मेणावर तिचे नीट पोषण होत नाही. जुन्या काळ्या पोळ्यातील पराग व मधमाशीच्या अळ्यांनी टाकलेल्या काती यांवर ती पोसते. त्यामुळे गाळलेल्या मेणाच्या वडीपेक्षा कच्च्या पोळ्याला धोका अधिक. आपल्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातील उबदार, दमट हवा तिला मानवते.

आमच्या मदतनिसाने घाईने गोणीत डांबराच्या गोळ्या टाकल्या. मेण ते द्रव्य शोषून घेते. उघड्या व्रणावर असे मेण कसे लावावे? उरलेला सर्व साठा टाकून द्यावा लागला.

तेव्हापासून पोळी येताच गरम पाण्यात वितळवून कापडातून गाळतो. मेण ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला वितळते. वड्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो. गाळणे लांबणार असेल तर पोळी उणे १५ अंशांच्या शीतपेटीत दिवसभर ठेवावी, म्हणजे अंडी व अळ्या मरतात. नंतर मात्र बंद डब्यातच ठेवावी.

पावसाळ्यापूर्वी आपल्या कोठीतील मेणाची गोणी एकदा उघडून पाहावी, ही सभासद बंधुभगिनींना विनंती.