साय कुणी खाल्ली?

काचेच्या एका वीतभर नळीने ऐन दिवाळीच्या तोंडावर आमच्या घरात अबोला लावून दिला होता, असे सांगितले तर कोणाला खरे वाटणार नाही. पण झाले खरे तसेच.

गोष्ट १९८६ सालची. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होते. ते निराळे व्हायला १९९८ साल उजाडावे लागले. रिसोड तालुक्यातले केनवड हे आमचे गाव. शहरात एका शाळेत मी रसायनशास्त्र शिकवीत असे आणि दिवाळीच्या सुटीत थोरल्या भावाकडे गावी जात असे. त्या वर्षी वसुबारसेला घरी पोचलो, तो चकलीचा वास अंगणापर्यंत आलेला; पण घरात बोलणे मात्र नाही. वहिनी चुलीपाशी, दादा ओसरीवर, आणि दोघांमधला निरोप्या म्हणजे त्यांचा धाकटा मुलगा!

रात्री वहिनींनी दुधाचे कार्ड माझ्यापुढे ठेवले.

"भाऊजी, तुमी शिकेल माणूस. पाहा बरं हे. पंधरा दिवस झाले, सकायच्या दुधाले फॅटच लागून नाही राह्यली. लोक म्हन्तात, दिवाळीसाठी मी साय काढतो. लोकायचं जाऊ द्या. पन तुमचे दादाबी मले तेच पुसतात!"

शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज कापला. भांडण पैशांचे नव्हते, हे माझ्या ध्यानात आले.

म्हशीच्या दुधाला आमच्या केंद्रावर ६ टक्के स्निग्धांश हा पायाचा आकडा धरीत. त्याच्या खाली उतरले की भाव कापला जाई. कार्डावर संध्याकाळचे आकडे ६.४ च्या आसपास स्थिर होते. सकाळचे मात्र ६.१ वरून एकदम ५.९ वर आलेले. सकाळचे दूध संध्याकाळच्यापेक्षा जरा पातळ असतेच. कारण रात्रीमुळे दोन धारांमधले अंतर वाढते. केंद्रावरच्या मंडळींनी हेच कारण सांगून वहिनींची बोळवण केली होती. पण हा नियम काही पंधरा दिवसांपूर्वी लागू झालेला नव्हता! म्हैस तीच, चारा तोच. मग बदलले काय?

दुसऱ्या दिवशी पहाटे केंद्रावर जाऊन बसलो. तपासणीची रीत गेर्बरची. स्वित्झर्लंडच्या या रसायनतज्ज्ञाने ती १८९१ साली काढली. ब्युटिरोमीटर नावाच्या काचेच्या नळीत १० मिलिलिटर गंधकाम्ल, त्यावर पिपेटने १०.७५ मिलिलिटर दूध आणि शेवटी १ मिलिलिटर अमिल अल्कोहोल घालतात. आम्ल दुधातली प्रथिने विरघळवते. मग यंत्रात गरगर फिरवून आणि ६५ अंशांच्या पाण्यात ठेवून वर आलेल्या चरबीचा स्तंभ मोजतात. नळीवरच्या रेघा १०.७५ मिलिलिटर दूध गृहीत धरूनच आखलेल्या असतात. दूध कमी पडले तर चरबीही तेवढीच कमी दिसणार, आणि दोष दुधाला लागणार.

केंद्रावर पिपेटी दोन होत्या. सकाळच्या पोराची एक, संध्याकाळच्या पोराची दुसरी. मी एकाच बरणीतले दूध नीट ढवळून दोन्ही पिपेटींनी तपासायला सांगितले. एकीने ६.१ दाखवले, दुसरीने ५.९. दूध एक आणि साक्षी दोन!

आधी वाटले, पिपेट ओशट असेल. काचेला तूप चिकटले की थेंब आतच लोंबकळत राहतात. धुण्याचा सोडा आणि ऊन पाणी घेऊन दोन्ही स्वच्छ केल्या. फरक कायम! मग त्या कागदात गुंडाळून रिसोड गाठले आणि एका ओळखीच्या सराफापुढे ठेवल्या. सोन्याचा काटा पाण्यासाठी मागणारे गिऱ्हाईक त्याने जन्मात पाहिले नसावे.

युक्ती साधी आहे. पाण्याचे वजन नेमके कळले की त्याचे आकारमान कळते. मोटारीच्या बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणले, तापमान पाहिले, २७ अंश. आपल्याकडच्या मानकांत काचेची मापे २७ अंशांनाच धरून आखतात. युरोपात २० अंश धरतात. या तापमानाला १ मिलिलिटर पाणी हवेत तोलले, तर ०.९९५५ ग्रॅमच्या जवळपास भरते. म्हणजे १०.७५ मिलिलिटरचे वजन १०.७० ग्रॅम यावयास हवे.

झाकणाची छोटी बाटली कोरडी तोलली. पिपेटमध्ये खुणेच्या वर पाणी घेतले, बाहेरचा थेंब पुसला, खूण डोळ्यांच्या पातळीवर धरली आणि पाण्याच्या कमानीचा तळ रेघेला टेकेपर्यंत पाणी सोडले. मग टोक बाटलीच्या कडेला टेकवून पिपेट आपोआप रिती होऊ दिली, घाई न करता. झाकण लावून पुन्हा तोलले. प्रत्येकीची पाच-पाच वेळा पाळी केली. संध्याकाळच्या पिपेटचे वजन १०.७० च्या आगेमागे. सकाळच्या पिपेटचे १०.३५! हिशेब केला, तो १०.४ मिलिलिटर. सुमारे साडेतीन दशांश मिलिलिटर दूध रोज प्रत्येक तपासणीत गायब होत होते, आणि ६.१ चे ५.९ होण्याला नेमके तेवढेच पुरे होते.

आता दोन्ही नळ्या शेजारी धरून पाहिल्या. सकाळची पिपेट खालून तीन बोटे आखूड होती. टोकाचे बारीक छिद्र जाऊन तिथे मोठे भोक आले होते, आणि कडा दगडावर घासून गुळगुळीत केलेली!

केनवडला परतल्यावर पोराने रडतच कबुली दिली. पिपेट त्याच्या हातून पडली होती. पगारातून किंमत कापतील या भीतीने त्याने ती घासून घेतली. कमी दूध ओढले जाते, हे त्याच्या गावीही नव्हते. आणि नवल असे की, आणखी चार-पाच घरांतही फॅट उतरली होती. पण आपल्याच घरात कोणी साय खाल्ली असेल, या लाजेने कोणी तोंड उघडले नव्हते. ज्या घरात मिळकत मोजून येते, तिथे मापाची चूक माणसाच्या माथी बसते ती अशी.

नवी पिपेट आली, फरकाचे पैसे पुढच्या हप्त्यात मिळाले, पोराची नोकरीही राहिली. आज पुष्कळ केंद्रांवर यंत्रे आली आहेत. क्षणात आकडा सांगतात. पण ती यंत्रेही अधूनमधून गेर्बरच्या नळीशी ताडून पाहावी लागतात. शहाणे यंत्रही साक्षीदाराशिवाय मानू नये.

आपल्या घरीसुद्धा हे पाळता येते. मुलाचे औषध घरातल्या कोणत्याही चमच्याने देऊ नका. बाटलीबरोबर येणारी मापाची टोपी किंवा पिचकारी वापरा. टोपी सपाट जागी ठेवून डोळे तिच्या पातळीवर आणा. वरून वाकून पाहिले की आकडा फसवतो.

आता शेवटचे. पाडव्याच्या दिवशी दादा मुकाट्याने जेवायला बसला होता. "चुकलं माझं," एवढेच म्हणाला. वहिनींनी काही उत्तर दिले नाही. आत गेल्या, आणि साईची भरली वाटी आणून त्याच्या ताटाशी ठेवली.

"घ्या," त्या म्हणाल्या. "आज खरंच काढली."