थ्रॉटल सांभाळ गं!

सकाळच्या घाईत कळव्याहून ठाण्याकडे जाणारी लोकल पकडणं म्हणजे टेक-ऑफच! पण माझं खरं टेक-ऑफ रात्री अकरानंतर असतं. जुना पीसी, जॉयस्टिक आणि 2003 सालचा मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर. विमान डीसी-3, म्हणजे आपला डाकोटा. 1946 मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली, तेव्हा ताफ्यात हेच होतं.

माझी स्टाइल सोप्पी. जुहूची धावपट्टी, तापमान 38 अंश, थ्रॉटल धाडकन पुढे. सेटिंगमध्ये ‘ताणाने इंजिन बिघडेल’ हा पर्याय मीच हौसेने चालू केलेला. मग काय... समुद्रावर पोचेपर्यंत एक इंजिन गार!

एका रविवारी खालच्या मजल्यावरचे काका हे बघत होते. हवाई दलात डाकोटाची इंजिनं उघडण्यात त्यांची उमेद गेली.

‘‘अगं, रिक्षा आहे का ती? थ्रॉटल हळू दे.’’

मग क्लास सुरू झाला. या इंजिनाला रेडिएटर नाही. 14 सिलिंडर फक्त वाऱ्यावर थंड होतात. टेक-ऑफला ताकद सर्वांत जास्त आणि वेग सर्वांत कमी, म्हणजे वारा कमी. इंजिन तापणार नाही तर काय? इंजिनामागच्या झडपा, काउल फ्लॅप्स, बंद ठेवल्या तर इंजिन भाजतं. सताड उघडल्या तर वारा अडून विमान रेंगाळतं. म्हणून टेक-ऑफला अर्धवट. मिश्रण मात्र रिच, कारण जादा पेट्रोल सिलिंडर थंड ठेवतं. (पेट्रोलने थंडावा! मला हे पचायला दोन दिवस लागले.)

48 इंच दाब आणि 2700 आरपीएम ही फक्त टेक-ऑफची चैन. चाकं आत गेली, वेग आला की आधी थ्रॉटल मागे, मग आरपीएम. उलटं केलंत तर कमी फेऱ्यांवर जास्त दाब, आणि सिलिंडरचे हाल. तापमानाची मर्यादा 260 अंश, पण काका म्हणतात, ‘‘काटा तिथे पोचायची वाट बघायची नसते.’’

काकांनी आयुष्यभर इंजिनं दुरुस्त केली, पायलटच्या खुर्चीत मात्र कधी बसले नाहीत. परवा मी जॉयस्टिक त्यांच्यापुढे सरकवली. हात थरथरत होता, पण थ्रॉटलवर आला आणि स्थिर झाला. जुहू मागे पडलं, काटा 230 च्या जवळ. ‘‘अजून एकदा,’’ काका म्हणाले.

पावणेएक वाजले होते. खालून काकूंचे मिस्ड कॉलवर मिस्ड कॉल!