उतरणीचा हिशेब

घाट चढणाऱ्या गाडीचे श्रम आत बसलेल्या प्रत्येकाच्या कानी येतात. इंजिनाचा आवाज जड होतो, गियर पुनःपुन्हा बदलावे लागतात, एसी बंद करण्याची सूचना मागच्या बाकावरून होते, आणि माथ्यावर पोहोचताच जणू आपणच पायी चढून आलो असे सर्वांना हायसे वाटते. उतरताना असे काहीच घडत नाही. गाडी निमूटपणे खाली येते, मुले झोपी जातात, आणि चढताना डिझेल जाळून जी ऊर्जा गाडीने उंचीच्या रूपाने जमा केली होती तिचे पुढे काय झाले याची विचारपूस करण्याचे कोणास सुचत नाही. तिची विल्हेवाट लावण्याचे काम मुख्यत्वे पुढच्या दोन चाकांआड बसविलेल्या, फुटाच्या आतबाहेर व्यास असलेल्या बिडाच्या दोन चकत्यांकडे असते. गॅरेजात त्यांना डिस्क म्हणतात. आपणही तेच म्हणू.

हे काम किती अवजड आहे हे आकड्यांत मांडल्याखेरीज ध्यानी येत नाही. सात-आठ माणसे, त्यांच्या पिशव्या, फराळाचे डबे आणि टपावर बांधलेले सामान हे सारे धरता इनोव्हासारख्या गाडीचे वजन 2000 किलोंच्या पुढेच जाते, परंतु हिशेबाच्या सोयीसाठी तेवढेच धरू. खंडाळ्याचा माथा आणि खोपोली यांच्या उंचीत सुमारे 500 मीटरांची तफावत आहे, आणि एवढे वजन तेवढ्या उंचीवरून खाली आणताना जवळजवळ एक कोट ज्यूल ऊर्जा मोकळी होते. ताशी 100 किलोमीटर वेगाने धावणारी हीच गाडी एकदा जागच्या जागी उभी करावयाची म्हटले तर पावणेआठ लाख ज्यूल जिरवावे लागतात. म्हणजे हा बोरघाट एकवार उतरणे हे तशा बारा-तेरा ब्रेकांच्या बरोबरीचे झाले. तितक्या उष्णतेने 33 लिटर पाणी 30 अंशांवरून उकळीला येईल. पुढच्या दोन्ही डिस्कांचे वजन मिळून 16 किलो मानले, आणि सगळी उष्णता त्यांतच कोंडून राहिली अशी क्षणभर कल्पना केली, तर त्यांचे तापमान साडेबाराशे अंशांहून अधिक वाढेल. बीड त्यापूर्वीच वितळू लागते. महाबळेश्वराहून आंबेनळी घाटाने पोलादपुरास उतरणाराने तर या सर्व आकड्यांस अडीचने गुणावे.

प्रत्यक्षात डिस्क वितळत नाही याचे श्रेय तिघांस वाटून द्यावे लागते. चालक शहाणा असेल आणि ज्या गियरने चढला त्याच गियरने उतरत असेल तर ऊर्जेचा मोठा हिस्सा इंजिन आपल्या अंगावर घेते. काही भाग टायरांच्या घर्षणात आणि वाऱ्याच्या विरोधात खर्ची पडतो. आणि उरलेला डिस्कच्या वाट्यास आला तरी तो अर्ध्या तासात, थोडाथोडा करून येत असल्याने ती तो हवेस देत राहते. पेट्रोल वाचविण्याच्या मिषाने न्यूट्रलमध्ये घाट उतरणारे महाभाग या तिघांपैकी पहिल्या भागीदारास आपण होऊन बरखास्त करतात. शिवाय आधुनिक इंजेक्शनच्या गाडीत, गियर लागलेला असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधनाचा पुरवठाच थांबतो, त्यामुळे त्यांची बचतही बहुधा उलट्या खात्यावर जमा होते.

उष्णता हवेस देण्याची योजना डिस्कच्या घडणीतच आहे. पुढची डिस्क कडेने पाहिली असता ती एकसंध नसून दोन समांतर चकत्या मध्ये आडव्या पडद्यांनी जोडलेल्या दिसतात. चाक फिरू लागले की मधल्या पोकळीतील हवा बाहेर फेकली जाते आणि केंद्राकडून ताजी हवा आत ओढली जाते, असा हा बिनखर्चाचा पंखा आहे. धातूची निवडही विचारपूर्वक झालेली आहे. हे करडे बीड असून त्यात सुमारे साडेतीन टक्के कार्बन असतो, आणि त्यातील बराचसा ग्राफाइटच्या सूक्ष्म पापुद्र्यांच्या रूपाने धातूभर विखुरलेला असतो. हे पापुद्रे उष्णता त्वरेने वाहून नेतात, कंप शोषून घेतात आणि ओतकाम व कातकाम दोन्ही सुलभ करतात. कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव परिसरातील फौंड्र्यांनी मोटारींच्या ओतीव भागांत जो लौकिक मिळविला तो याच जातीच्या बिडावर. पोलाद याहून कितीतरी चिवट असले तरी उष्णता वाहण्याच्या कामी बिडास मागे टाकीत नाही, ही गोष्ट प्रथमदर्शनी नवलाची वाटते.

डिस्क ब्रेकच्या कल्पनेचा इतिहास जुना आहे, आणि तो थोडक्यात आटोपता येईल. इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट 1902 साली घेतले, परंतु धातूवर धातू घासून उठणाऱ्या किंचाळीमुळे ती योजना मागे पडली आणि पुढील अर्धशतक ड्रम ब्रेकने राज्य केले. 1953 साली ल मां येथील चोवीस तासांची शर्यत डनलॉपच्या डिस्क लावलेल्या जॅग्वारने जिंकली. 1955 साली सित्रोएनने आपल्या डीएस गाडीस पुढे डिस्क बसविल्या, आणि मग त्या घरगुती गाड्यांत उतरल्या. कुटुंबाची मोठी गाडी हा वर्ग अमेरिकेत क्रायस्लरच्या कारखान्याने 1983 अखेर बाजारात आणलेल्या मिनीव्हॅनने रूढ केला; आपल्याकडे क्वालिसच्या जागी 2005 साली आलेल्या इनोव्हाने आणि नंतर अर्टिगाने ती जागा घेतली. या दोहोंस पुढे डिस्क आणि मागे ड्रम अशी वाटणी आहे, आणि ब्रेक लावताच वजन पुढे झुकत असल्याने कामाचा बहुतांश बोजा पुढच्यांवर पडतो.

आता मुख्य मुद्द्यास येतो. ब्रेक लावताच स्टिअरिंग थरथरू लागले, पेडल पायाखाली उचकू लागले, की गॅरेजात एकच निकाल ऐकू येतो: ‘डिस्क वाकडी झाली, टर्निंग मारावी लागेल, नाहीतर नवीन टाका.’ हा निकाल बहुतेक वेळा पंचनाम्याशिवाय दिलेला असतो. शर्यतीच्या गाड्यांचे जाणते अमेरिकन अभियंते कॅरोल स्मिथ यांनी वाकड्या डिस्कच्या या समजुतीचा लेखी समाचार घेतला होता, आणि त्यांचे म्हणणे मला पटते: रस्त्यावरच्या गाडीची डिस्क क्वचितच वाकते, असमान होते ती तिची जाडी, आणि तीही इतकी अल्प की मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा फरकदेखील पायास जाणवतो.

हा फरक उत्पन्न होण्याच्या वाटा दोन. पहिली वाट घाटाच्या पायथ्याशी सुरू होते. डिस्क तापून लाल होण्याच्या बेतात असताना टोलनाक्यावर किंवा चहाच्या टपरीसमोर गाडी थांबते, चालक पेडलावर पाय दाबून बसतो, आणि डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या पॅडमधील द्रव्य त्या एकाच जागी डिस्कवर चिकटते. पुढे प्रत्येक फेऱ्यात त्या ठिकाणी घर्षण वेगळे होते, तो भाग इतरांहून अधिक तापतो, आणि तापमान साडेसहाशे अंशांच्या पलीकडे गेले म्हणजे खालच्या बिडाचीच जडणघडण बदलून तेथे सिमेंटाइट नावाचे अतिकठीण संयुग तयार होते. ते झिजत नाही, भोवतालचे झिजते. उंचवटा वाढत जातो. अशा डिस्कला लेथवर टर्निंग मारले तर महिना-दोन महिने सुखाचे जातात, आणि मग तेच, कारण कठीण डाग खोलवर तसाच शिल्लक असतो.

दुसरी वाट अधिक गुप्त आहे, आणि माझ्या मते अधिक वहिवाटीची. डिस्क ज्या हबवर बसते त्या हबच्या तोंडावर गंज धरलेला असतो; कोकणच्या दमट हवेत, किंवा अमेरिकेच्या उत्तरेकडील प्रांतांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात तेथे, तो पापुद्र्यांनी सुटतो. मिस्त्री जुनी डिस्क काढतो, नवी त्याच गंजावर चढवतो, आणि वर चाकाचे नट गनने कोणताही एक करकचून, दुसरा सैल असे आवळतो. डिस्क केसभर तिरकी बसते. त्या दिवशी काहीच जाणवत नाही, कारण पॅड धरून ठेवणारा कॅलिपर डिस्कच्या डोलण्याबरोबर सरकत असतो. परंतु पाय ब्रेकवर नसतानाही डिस्कची पुढे आलेली बाजू प्रत्येक फेऱ्यात पॅडला चाटून जाते, हजारो किलोमीटरांत तेवढाच भाग झिजतो, आणि काही महिन्यांनी थरथर सुरू झाली की डिस्क विकणाऱ्या दुकानदाराच्या नावाने बोटे मोडली जातात. गुन्हा गंजाचा, शिक्षा डिस्कला.

म्हणून बदलण्याआधी मोजावे. किमान जाडी किती हे बहुधा डिस्कच्या कडेवर अथवा मधल्या टोपीवर कोरलेले असते; नवी 28 मिलिमीटर आणि किमान 26 अशी जोडी या वर्गात पुष्कळदा आढळते, म्हणजे हयातीची सारी पुंजी दोन मिलिमीटरांची. जुन्या डिस्कच्या बाहेरील काठावर, जेथवर पॅड पोहोचत नाही तेथे, गंजाची एक कडी उरते, आणि साधा व्हर्नियर त्या कडीवर टेकून खोटी जास्त जाडी दाखवितो. यासाठी टोकदार मायक्रोमीटर काठापासून सुमारे 10 मिलिमीटर आत धरून सभोवार आठ ठिकाणी वाचावा. मग डायल गेज लावून डिस्क हाताने फिरवावी, आणि काटा मिलिमीटरच्या विसाव्या भागाहून अधिक हलला तर डिस्कला दोष देण्यापूर्वी ती काढून, हब घासून, एक छिद्र पुढे सरकवून पुन्हा बसवून पाहावी. पुष्कळदा एवढ्यानेच प्रकरण मिटते.

बदलावयाचेच ठरले तर एका धुरीवरील दोन्ही डिस्क आणि चारही पॅड एकदम बदलावेत. गाडी जॅकवर घेऊन तिला घोडे लावावेत, कॅलिपर सोडून तो तारेने स्प्रिंगला टांगावा. रबरी नळीवर लोंबकळू देणे म्हणजे नळीच्या आतील अस्तरास चीर पडण्याची तजवीज करणे होय. जुनी डिस्क हबला चिकटली असेल तर हातोडीने ठोकण्यापूर्वी तिच्या टोपीवर आटे असलेली दोन छिद्रे आहेत काय ते पाहावे. त्यांत योग्य मापाचे बोल्ट घालून आळीपाळीने अर्धाअर्धा फेरा देत गेले की डिस्क कट्ट करून आपण होऊन सुटते. ही छिद्रे कारखान्याने त्याचसाठी ठेवलेली असतात, तरी आपल्याकडे हातोडीचा शिरस्ता मोडत नाही. हबचे तोंड ब्रशने चकचकीत करावे, नव्या डिस्कवरचे गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुरते धुवावे, आणि कॅलिपरच्या सरकत्या पिना बाहेर काढून हाताने फिरतात की नाही ते तपासावे. आतला पॅड संपला आणि बाहेरचा निम्मा शिल्लक, असे दृश्य दिसले तर पिन जाम झाली हे साक्षीपुराव्याविना समजावे.

तेलाकडेही याच वेळी पाहावे. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषते. डॉट 3 जातीचे कोरडे तेल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, परंतु त्यात पावणेचार टक्के पाणी मुरले की ही हद्द 140 वर येते, आणि डॉट 4 ची 230 वरून 155 वर. घाटाच्या मध्यावर कॅलिपरमध्ये तेल उकळून वाफ झाली तर वाफ दाबली जाते, पॅड दाबला जात नाही, आणि पेडल थेट खाली जाते. दोन वर्षांनी तेल बदलण्यास जो खर्च येतो त्याच्या अनेकपट रक्कम गाडीच्या स्पीकरांवर खुशीने उधळणारी कुटुंबे माझ्या ओळखीची आहेत.

नवे पॅड आणि नवी डिस्क यांची सांगड बसण्यास थोडा वेळ द्यावा लागतो. मोकळा, सरळ रस्ता पाहून वेग 60 वरून 15 वर येईपर्यंत मध्यम ब्रेक, पुन्हा 60, पुन्हा ब्रेक, असे आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता करावे, आणि मग ब्रेकला शक्यतो हात न लावता काही किलोमीटर गाडी चालवून डिस्क थंड होऊ द्यावी. पॅडचा एकसारखा पातळ थर डिस्कवर त्यातूनच बसतो. चाकाचे नट ताऱ्याच्या क्रमाने, टॉर्क पान्याने, निर्मात्याने सांगितलेल्या मापापर्यंत आवळावेत, शे-दोनशे किलोमीटरांनंतर पुन्हा पाहावेत, आणि नव्या डिस्कची जाडी, तारीख व किलोमीटरांचा आकडा बिलाच्या पाठीमागे लिहून ते बिल गाडीच्या कागदपत्रांत ठेवावे. पुढच्या खेपेस मायक्रोमीटर लावणारास तुलनेसाठी दुसरा दाखला नसतो.