रिमोटच्या विमानाला दोन इंजिनं, मग ती एका सुरात कशी आणतात?

दोन इंजिनांचं छोटं आरसी विमान धावपट्टीवरून झोकात उठतं, अचानक एका बाजूला वळतं, पंख खाली जातो आणि खेळ संपतो. असा व्हिडिओ दिसला की खाली कमेंट ठरलेली: ‘इंजिनं सिंक नव्हती!’ पण इतक्या झटक्यात विमान पडलं, तर सहसा एक इंजिन चक्क बंद पडलेलं असतं.

थोड्या फरकाने काय बिघडतं?

फारसं काही नाही. समजा, एक इंजिन मिनिटाला 10,000 फेरे घेतंय आणि दुसरं 9,800. फरक दोन टक्के. पंख्याची ओढ साधारण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे ओढीतला फरक चार टक्क्यांच्या आसपास. तेवढं रडर सांभाळून घेतं. एक बंद पडलं तर मात्र दुसरं विमानाचं नाक बंद इंजिनाच्या बाजूला ढकलतं. त्या बाजूचा पंख मंदावतो आणि त्याची उचल कमी होते. वेग आधीच कमी असेल तर सावरायला वेळच मिळत नाही.

म्हणून आधी भरवसा, मग बरोबरी

मेथेनॉलवर चालणाऱ्या ग्लो इंजिनात इंधन किती जाणार, हे नीडल व्हॉल्व्ह ठरवतो. तो आवळला की इंधन कमी होतं आणि फेरे वाढतात. मोह इथेच होतो. अगदी टोकाला आवळलेलं इंजिन जमिनीवर मस्त वाजतं. विमानाने नाक वर केलं की त्याला इंधन आणखी कमी पडतं, ते तापतं आणि थांबतं. त्यामुळे प्रत्येक इंजिन स्वतंत्रपणे कमाल वेगाला नेऊन, मग नीडल थोडी सैल करून काहीशे फेरे खाली आणतात. विमान घट्ट धरून, पंख्यांपासून लांब राहून, नाक वर करूनही पाहतात.

यानंतर बरोबरी. नियम सोपा आहे: वेगवान इंजिन खाली आणायचं, मंद इंजिनाला ताणायचं नाही. पूर्ण थ्रॉटलला नीडलने जुळवतात. मधल्या आणि संथ वेगाला कार्ब्युरेटरची जोडणी कामी येते. दोन इंजिनांना दोन वेगळे सर्व्हो असतील तर हे काम रिमोटवरूनही होतं.

कान की टॅकोमीटर?

टॅकोमीटर पंख्याची पाती मोजून आकडा देतो. कानही कमी नाही. दोन आवाज जवळपास सारखे असले की ‘वॉंव-वॉंव’ अशी लाट ऐकू येते, तंबोरा जुळवताना येते तशीच. टू-स्ट्रोक इंजिनात सेकंदाला एक लाट म्हणजे मिनिटाला 60 फेऱ्यांचा फरक. लाट जितकी लांबत जाईल, तितकी इंजिनं जवळ आली.

इलेक्ट्रिक विमानात ही डोकेदुखी बरीच कमी: सारख्या मोटर, सारखे पंखे आणि दोन्ही स्पीड कंट्रोलरना थ्रॉटलची रेंज एकसारखी शिकवलेली, एवढ्यावर भागतं.

आणि हवेत इंजिन गेलंच तर? हात आपोआप थ्रॉटल वाढवायला जातो. करायचं उलटं: थ्रॉटल आधी कमी, नाक किंचित खाली. चालू इंजिनाची ओढ घटली की विमान पुन्हा सरळ होतं आणि उतरवता येतं.